दोनशे टनांचा टग सहा किलोत: नाशिकच्या एका चालत्या मॉडेलचे प्रकरण

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत उभी हयात टूलरूममध्ये काढलेल्या एका कारागिराने निवृत्तीनंतर नदीतल्या टगचे १:३२ प्रमाणातले मॉडेल बांधले. मॉडेल देखणे होते, रेडिओवर चालत होते आणि एकटे सोडले तर सुसाट पळत होते. टगचे खरे काम मात्र भरलेल्या बार्ज, म्हणजे बिनइंजिनाच्या चपट्या मालनौका, ढकलत नेण्याचे, आणि तेवढेच त्याच्याकडून होईना. बार्ज जोडल्या की पिछाडी खाली बसायची, पंख्यांपाशी नुसता फेस उठायचा, सगळा ताफा डावीकडे ओढला जायचा आणि थोड्या वेळात मोटारींना हात लावता येत नसे. एका कॉलेजच्या तांत्रिक प्रदर्शनात हे मॉडेल बार्जसह चालवून दाखवायचे कबूल झाले होते. मी बरीच वर्षे पॉलिटेक्निकमध्ये फ्लुइड मेकॅनिक्स शिकवले, म्हणून मला बोलावणे आले.

बांधणाऱ्यांचा उल्लेख इथे ‘मामा’ असा करतो. त्यांची भाची मेकॅनिकल डिप्लोमा करते आणि या कामात तिचा हात बरोबरीचा आहे. ती त्यांना मामा म्हणते, त्यामुळे आता गल्लीत सगळेच म्हणतात.

नाशिकमध्ये टग कशाला, हा प्रश्न पहिल्याच दिवशी मीही विचारला. आपल्याकडे गोदावरीचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावर पूर मोजतात. एरवी नदीत होड्या चालतात, मालवाहतूक नाही. मामांनी टग पाहिला तो गुवाहाटीला. मुलाची बदली तिकडे झाली होती, तेव्हा पांडू बंदरावर ते रोज संध्याकाळी जाऊन बसत. ब्रह्मपुत्रेचा धुबरी ते सदिया हा ८९१ किलोमीटरचा पट्टा १९८८ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २ आहे. वाळूचे तळ दर पावसाळ्यात जागा बदलतात, आणि अशा नदीतून एक बुटका, चपटा टग आपल्याहून कितीतरी मोठ्या बार्ज पुढे घालून नेतो. मामांना ते यंत्र आवडले. पुढचे सगळे त्या आवडीतून झाले, आणि पहिली गडबडही तिथूनच झाली, कारण आवडली ती टगची ताकद.

वजन

मॉडेलचा आधार म्हणून मामांनी २४ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि दीड मीटर बूड (म्हणजे पाण्याखाली जाणारी खोली) असलेला दोन पंख्यांचा टग धरला होता. अशा टगचे वजन, म्हणजे तो जेवढे पाणी बाजूला सारतो त्याचे वजन, साधारण २०० टन भरते. ३२ ने भागले की लांबी ७५ सेंटिमीटर, रुंदी २५ आणि बूड ४.७ सेंटिमीटर येते. इथवर मामांचा हिशेब चोख होता. त्यांच्या हाताखालून निघालेले माप कधी चुकत नाही. पण वजन लांबीसारखे भागत नाही, ते घनाने भागते. ३२ चा घन ३२,७६८. दोनशे टनांना त्याने भागले की हाती येतात सहा किलो आणि वर थोडे ग्रॅम. मॉडेल पाण्यात रंगाच्या रेषेपर्यंतच बुडायला हवे असेल, तर त्याचे वजन सहा किलोच असले पाहिजे. बांधायला घेण्याआधी कागदावर लिहावा असा हा पहिला आकडा.

तो कुणी लिहिलाच नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मॉडेल ठेवले तेव्हा ८.४ किलो भरले. सव्वादोन किलो जास्त.

सव्वादोन किलोने काय बिघडते? या बोटीचा पाण्यालगतचा छेद सुमारे १,६०० चौरस सेंटिमीटर आहे. त्यावर एवढे जादा वजन आले की बोट आणखी १.४ सेंटिमीटर खाली जाते. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण ३२ ने गुणले की ४५ सेंटिमीटर होतात. दीड मीटर बुडाचा टग जवळजवळ दोन मीटर बुडाचा झाला. ब्रह्मपुत्रेच्या धुबरी ते निमाटी टप्प्यात २.५ मीटर खोली राखायचे उद्दिष्ट असते. तिथल्या सारंगाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, हा फरक विचारून पाहा.

जादा वजन कुठे आहे याबद्दल सगळ्यांचा एकच अंदाज होता: वर. बार्जच्या पलीकडचे दिसावे म्हणून नदीतल्या टगचे व्हीलहाऊस, म्हणजे सुकाणूवाल्याची केबिन, उंच असते, आणि मामांनी ते पितळी पत्र्याचे केले होते, खिडक्यांच्या चौकटींसकट. बोट वरून जड आहे म्हणून डोलते, ते पितळ काढा, असा सल्ला त्यांना दोघा-तिघांनी दिला होता. मी २०० ग्रॅमचे वजन मध्यरेषेपासून १० सेंटिमीटर बाजूला ठेवून बोट किती कलते ते मोजले. जेमतेम दोन-अडीच अंश. रुंद, चपट्या बुडाची बोट कलंडायला अशी सहजासहजी तयार होत नाही. तिचे डोलणे झटकन उभे राहणाऱ्या बोटीचे होते, पडणाऱ्या बोटीचे नव्हे. पितळ राहिले. ते काढायला सांगितले असते तर मामांनी मला पुन्हा चहाला बोलावले नसते, हा भाग वेगळा.

खरे वजन खाली आणि मागे होते. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी सव्वादोन किलोची. ७७५ नंबरच्या दोन मोटारी, प्रत्येकी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. तिन्ही गोष्टी पिछाडीत कोंबलेल्या. एवढी मोठी बॅटरी का? मोटारी तेवढ्या खातात म्हणून. एवढ्या मोठ्या मोटारी का? “सर, टग आहे हा, त्याला दम नको का?” मामा म्हणाले.

दम किती हवा

विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये टॉर्की इथे पाण्याची लांब टाकी बांधून जहाजांची मॉडेले ओढून पाहिली. मॉडेलच्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्या दिसायच्या असतील, तर मॉडेलचा वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करायला हवा, हा त्याचा नियम आजही जगभर वापरात आहे. त्यासाठी टॉर्कीला जायची गरज नाही. दिंडोरी रोडवरच्या मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) इथे धरणांच्या सांडव्यांची मॉडेले याच नियमाने चालवतात. भाचीने ती अभ्यास-सहलीत पाहिली होती, पण सांडवा आणि टग यांचा नियम एकच आहे हे तिला कुणी सांगितले नव्हते. वह्या भरून घेण्यापलीकडे आपण मुलांना फारसे काही सांगत नाही.

३२ चे वर्गमूळ ५.६६. खरा टग बार्जसह ६ नॉटने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३.१ मीटरने जात असेल, तर मॉडेलने सेकंदाला ०.५५ मीटर जायला हवे. माणूस रमतगमत चालतो त्याच्याही निम्म्याने. मामांचे मॉडेल एकटे असताना सेकंदाला १.४ मीटर धावत होते. त्याला ५.६६ ने गुणा: खऱ्या नदीत १५ नॉट. असा टग कुठल्याही नदीत नाही. पोरे टाळ्या वाजवत होती आणि मामा खूश होते, पण तेव्हा ते मॉडेल टगचे राहिले नव्हते, स्पीडबोटीचे झाले होते.

शक्तीचा हिशेब तर आणखी मजेशीर आहे. शक्ती प्रमाणाच्या साडेतीनाव्या घाताने उतरते. ३२ साठी तो भाजक १,८५,००० च्या वर जातो. दोन्ही इंजिने मिळून ५०० किलोवॅटची धरली, तर मॉडेलच्या दोन्ही शाफ्टवर मिळून लागतात २.७ वॅट. मामांनी बसवलेल्या एकेका मोटारीची ताकद शंभर वॅटच्या पुढची. हा आकडा भाचीने दोनदा पडताळला, मग मामांनी कॅल्क्युलेटर स्वतःकडे घेतला.

प्रत्यक्षात २.७ वॅटवर भागत नाही, हेही सांगायला हवे. पाणी काही मॉडेलच्या प्रमाणात पातळ होत नाही. छोट्या बोटीला पाण्याचे घर्षण प्रमाणाबाहेर जास्त लागते, छोट्या पंख्याची कार्यक्षमता कमी असते आणि स्वस्त मोटार निम्मी वीज उष्णतेत घालवते. बॅटरीतून दहा-बारा वॅट निघतील असे धरून चालायचे. दोनशे मात्र नव्हे.

टगची ताकद मोजायची खरी रीत म्हणजे त्याला खुंटीला बांधून ओढायला लावणे. याला बोलार्ड पुल म्हणतात. ढोबळ हिशेब असा की १०० अश्वशक्तीमागे एक ते दीड टन ओढ मिळते. आपल्या टगला साधारण ८ टन, म्हणजे मॉडेलला २४५ ग्रॅम. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला स्प्रिंगकाटा पाण्याच्या टाकीच्या काठाला लावून मॉडेल पूर्ण जोरात सोडले: १५० ग्रॅम, बाकी फेस. दोनशे वॅट ओतून दीडशे ग्रॅम.

पंखा

दोष मोटारीत नव्हता, पंख्यात होता. बसवलेले पंखे शर्यतीच्या मॉडेलचे: प्लास्टिकचे, दोन पात्यांचे, ४० मिलिमीटर व्यासाचे आणि मोठ्या पिचचे (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर म्हणजे पिच). मोटार थेट शाफ्टला जोडलेली, म्हणजे मिनिटाला दहा-बारा हजार फेरे. पळणाऱ्या बोटीत असा पंखा चालतो, कारण पाणी समोरून वेगाने येत असते. जागच्या जागी जोर लावणाऱ्या बोटीत तो पाणी कापण्याऐवजी ढवळतो. त्यात या टगचे बूड जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. पंखा पाण्याच्या पृष्ठभागाच्या इतका जवळ की वरची हवा खाली खेचली जाते. हवेत फिरणाऱ्या पंख्याला पकड कसली? शिवाय दोन्ही पंखे उजव्या हाताचे, कारण दुकानात तेवढेच मिळाले. दोन पंख्यांच्या बोटीत ते एकमेकांच्या उलट फिरावे लागतात, नाहीतर दोघांचा आडवा जोर एकाच बाजूला जातो. ताफा डावीकडे जात होता त्याचे निम्मे कारण हे.

खऱ्या टगचा पंखा १.२ मीटरचा आणि मिनिटाला ४२० फेऱ्यांचा धरला, तर मॉडेलला ३७ मिलिमीटरचा पंखा आणि सुमारे २,४०० फेरे हवेत. व्यास लहान झाला, फेरे पाचपट कमी झाले. पाती चार, पिच २८ मिलिमीटर. असा पंखा तयार मिळेना, तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आले.

त्यांनी पितळेचा बॉस, म्हणजे पाती बसतात तो मधला गोल तुकडा, लेथवर टर्न केला. पाती बसवायला एक जिग (पाती ठरल्या कोनात धरणारा साचा) बनवला, त्यात चार खाचा, प्रत्येक १९ अंशात. हा कोन पात्याच्या ७० टक्के त्रिज्येवरचा, पिच भागिले तिथला परीघ या हिशेबाने आलेला. अर्धा मिलिमीटर पत्र्याची पाती कापून, मुळाशी जरा जास्त आणि टोकाला जरा कमी असा पीळ देऊन खाचांत बसवली आणि चांदीच्या डागाने जोडली. दुसऱ्या पंख्यासाठी खाचा उलट्या. पाती एकाच वजनाची व्हावीत म्हणून सोनाराच्या काट्यावर तोलून कानशीने घासली. फिरवल्यावर पंखा थरथरत नव्हता. इतके सफाईदार काम मी बाजारच्या महागड्या पंख्यांतही पाहिलेले नाही, आणि हे लिहिताना मी मामांच्या भिडेत नाही.

पंख्याभोवती नळीसारखे कडे बसवायचे ठरले. १९३० च्या दशकात जर्मन अभियंता लुडविग कोर्ट याने हे कडे पुढे आणले, म्हणून त्याला कोर्ट नॉझल म्हणतात. कमी वेगात, जास्त ओझ्याखाली हे कडे त्याच पंख्याकडून पाव हिस्सा जास्त जोर काढू शकते, आणि वरची हवा खेचली जाणेही बऱ्यापैकी थांबते. अट एकच: पात्याचे टोक आणि कडे यांत फट नगण्य हवी. नायलॉनच्या गजातून आतला व्यास ३८ मिलिमीटर काढला, म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिलिमीटर. खऱ्या आकारात ही फट १६ मिलिमीटर होते, तेवढी चालते.

मोटारी बदलल्या. छोट्या ३८५ नंबरच्या, सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या, आणि मध्ये तीनास एक असा टायमिंग बेल्ट. वीज कमी लागते म्हटल्यावर लेड-ॲसिड बॅटरीचे काम संपले. तिच्या जागी सहा लिथियम सेलचा, तीनशे ग्रॅमच्या आतला पॅक आला. वजन पुन्हा केले: सहा किलोला थोडे कमी. उलट दीडशे ग्रॅम शिसे नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, टाकून बोट सपाट करावी लागली. ही सगळी साखळी एका प्रश्नाने सुरू झाली होती. ‘मोटार केवढी बसवू’ असे विचारले की मोठी मोटार, मोठी बॅटरी, खोल बूड, जास्त ओढ आणि म्हणून आणखी मोठी मोटार असे चक्र लागते. ‘वजन किती असायला हवे’ असे विचारले की मोटार आपोआप ठरते.

स्प्रिंगकाट्यावर आता २३० ग्रॅम आले, एक अँपिअरच्या आसपास विजेत, आणि फेस जवळपास नाही.

शेततळ्यातली चाचणी

प्रमाणातल्या बार्ज दोन: प्रत्येकी सव्वा मीटर लांब आणि वाळूच्या पिशव्या भरल्यावर साडेसोळा किलो. टग धरून ताफा सव्वातीन मीटरचा. याला पाणी कुठे शोधायचे? रामकुंडावर भाविकांची गर्दी. तपोवनाच्या खाली पाणवेली. तिचा एक तंतू शाफ्टवर गुंडाळला की चाचणी संपली. गंगापूर धरणाच्या पाण्यावर वारा. वाऱ्याचा हिशेब लोक विसरतात: ताशी १० किलोमीटरची झुळूक या मॉडेलला ताशी ५७ किलोमीटरच्या वादळासारखी लागते.

मामांच्या मेहुण्यांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, तिथले शेततळे मिळाले. प्लास्टिक अंथरलेले, पाणी नितळ, भोवती बांध असल्याने सकाळी वारा नाही. शेततळ्याचे प्लास्टिक शेवाळाने निसरडे असते आणि आत पडलेल्याला काठ धरता येत नाही, त्यामुळे चारही बाजूंना गाठी मारलेले दोर आणि फुगवलेल्या ट्यूब बांधल्याशिवाय मेहुण्यांनी कुणाला कुंपणाच्या आत घेतले नाही. योग्य केले.

काठावर पाच मीटरच्या खुणा केल्या. ताफ्याने वेग धरायला दहा-पंधरा सेकंद घेतले. खरा ताफाही असाच जडपणे हलतो. मग पाच मीटर साधारण दहा सेकंदांत, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. हवे होते ०.५५. मी एवढ्यावर समाधानी होतो.

मामा नव्हते, कारण ताफा अजून वळवळत होता. टग सरळ राही आणि बार्ज त्याच्यासमोर बिजागरी लावल्यासारख्या हलत. कारण साधे होते: जोडणी सुती दोरीची. नदीवर टगच्या नाळेतले दोन उभे रबरी ठोकळे बार्जच्या पिछाडीला टेकवतात आणि तारेचे दोर विंचवर इतके ताणतात की टग आणि बार्ज मिळून एकच लांब बोट होते. मामांनी दोन मिलिमीटर आट्याचे टर्नबकल (फिरवून तार ताणायचे आकडे) केले, मासेमारीची स्टीलची तार लावली, ताणून घेतली. वळवळ गेली.

उरला उलटा प्रवास, आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग माझ्या मते हाच. ताफा मागे घेताना सुकाणू कितीही फिरवा, काही फरक पडत नव्हता. सुकाणू पंख्याच्या मागे असते. पंखा पुढे ढकलत असताना त्याचे पाणी सुकाणूवर आदळते. उलट फिरवला की पाणी दुसरीकडे, नाळेच्या दिशेने जाते आणि सुकाणू कोरडे नसले तरी बेकार होते. बंदरातल्या टगला हे फारसे जाचत नाही. नदीतल्या टगला जाचते, कारण प्रवाहाबरोबर खाली येताना वळणावर तो इंजिन उलटे चालवून पिछाडी धरून ठेवतो आणि बार्जचे तोंड प्रवाहाला फिरवू देतो. म्हणून नदीतल्या ढकलटगला पंख्यांच्या पुढेही सुकाणू असतात, दर शाफ्टच्या दोन्ही अंगांना एकेक. मामांनी बोटीचा वरचा भाग ब्रह्मपुत्रेचा केला होता, पण पाण्याखालचा नकाशा बंदरातल्या टगचा वापरला होता. तोच सहज हाती लागला होता.

“चार सुकाणू अजून?” मामा म्हणाले. “दिसणार तर एकही नाही.”

“मामा, प्रदर्शनात सगळे मागे घेऊनच दाखवायला सांगतील,” भाची म्हणाली.

चार पितळी पाती आणि ती फिरवायला वेगळा छोटा सर्व्हो. त्यानंतर उलट जाताना ताफ्याचे तोंड हवे तिकडे वळू लागले. दोन्ही पंखे वेगवेगळ्या जोराने फिरवले की आणखी बरे. जरा वारा आला तरी उलटे सुकाणू हरते. ते तसेच राहणार; या आकारात त्यावर उपाय नाही.

प्रदर्शनासाठी विटा आणि ताडपत्रीची टाकी करायची आहे, लांबी कमी म्हणून एकाच बार्जसाठी. भाचीची कल्पना अशी की टाकीच्या निम्म्या भागात विटांवर प्लाय टाकून तळ उचलायचा, म्हणजे तिथे पाणी ८ सेंटिमीटर उरेल. खऱ्या नदीत ते अडीच मीटर होते, ब्रह्मपुत्रेतल्या त्या टप्प्याएवढे. शेततळ्याच्या काठाशी प्लाय बुडवून आम्ही हे करून पाहिले. अर्धा मीटर वेगाने ताफा उथळ भागात शिरताच मंदावतो आणि बोट खाली बसते, ते काठावरून डोळ्यांना दिसते. टग एकटा पूर्ण वेगाने घातला तर पिछाडी प्लायला टेकते आणि कडे घासते. उथळ पाण्यातल्या लाटेचाच वेग तिथे सेकंदाला ०.८९ मीटर असतो आणि टग त्याच्या जवळ पोचलेला असतो. त्यामुळे रिमोटच्या पाठीला मामांनी चिकटपट्टी लावून लिहिले आहे: ‘प्लायवर अर्ध्याच्या पुढे कांडी नको. कडे नायलॉनचे आहे, पुन्हा टर्न करायला लागेल.’